फ्रोझन आणि टिनमधले बटाटे: कशाला चालतात, कुठे फसतात

लोखंडी_कढई

पाककृतींच्या खाली "फ्रोझन बटाटा चालेल का?", "टिनमधले घेतले तर?" असे प्रश्न सारखे येतात आणि उत्तर बहुतेकदा "चालेल की" नाहीतर "ताजेच घ्या" एवढंच मिळतं. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. पाकिटातला किंवा डब्यातला बटाटा कच्चा नसतो. कारखान्यात तो कुठवर शिजवला आहे हे कळलं की कशात घालायचा, कधी घालायचा आणि झाकण ठेवायचं की नाही, हे सगळं तिथेच ठरतं. म्हणून हा धागा.

फ्रेंच फ्राइज सोलून, कापून, गरम पाण्यातून काढून (ब्लांच करून), वाऱ्यावर कोरडे करून, मिनिटभर तेलात तळून मग गोठवलेले असतात. म्हणजे आतून जवळजवळ शिजलेले आणि बाहेर तेलाचा पातळ थर. अमेरिकेत हॅश ब्राउन या नावाने मिळणारा कीस आणि चौकोनी फोडी हे फक्त ब्लांच केलेले असतात, साध्या प्रकाराला तेल लावलेलं नसतं. आपल्या भाज्यांना हेच उपयोगी. टिक्की, स्माइली, टॉट्स हे तयार पदार्थ आहेत. त्यात स्टार्च, मीठ, मसाला सगळं आलेलं असतं, ते कुस्करून दुसऱ्या कशात घालू नयेत.

टिनमधले बटाटे मात्र पूर्ण शिजलेले असतात. डबा बंद करून ११५ ते १२१ अंश सेल्सिअसला प्रक्रिया केलेली असते. त्यांना आणखी शिजवायचं नसतं, फक्त चव मुरवायची असते. भारतात हे दुकानात फारसे दिसत नाहीत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये साध्या किराणा दुकानातही मिळतात.

पिवळ्या भाजीची कृती देते, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच असते. ५०० ग्रॅम फ्रोझन चौकोनी फोडी. वितळवायच्या नाहीत. पसरट कढईत ३ टेबलस्पून तेल, मोहरी, हिंग, हळद, ४ हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. फोडणी नेहमीपेक्षा जास्त तापलेली हवी. फोडी घातल्या की ती एकदम थंड पडते, म्हणून मोठ्या आचेवर पहिली ५ मिनिटं झाकण न ठेवता परतायचं. बर्फाचं पाणी उडून गेलं, फोडी तेलात चुरचुरायला लागल्या की मीठ, चिमूटभर साखर आणि मंद आचेवर झाकण ठेवून ५ ते ६ मिनिटं. सुरुवातीलाच झाकण ठेवलंत तर पाणी आतच राहतं, फोडी त्यात उकडतात आणि कडा विरघळून लगदा होतो. आले-लसूण नंतर घाला, पाण्यात पडलं तर कच्चा वास राहतो.

चिंचगूळ

टिनबद्दल थोडी भर. ब्रिटनमधला नेहमीचा डबा साधारण ५६० ग्रॅमचा, निथळून बटाटे ३४५ ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतला नेहमीचा डबा ४११ ते ४२५ ग्रॅमचा. कृतीत "अर्धा किलो बटाटे" असतील तर एक डबा पुरत नाही. निथळलेलं वजन लेबलवर वेगळं छापलेलं असतं, ते बघा.

पाणी टाकून द्या, बटाटे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवा. त्या पाण्यात मीठ असतं आणि डब्याचा एक पिठूळ वास असतो, तो रश्श्यात उतरतो. धुतल्यावरही आत मुरलेलं मीठ राहतंच, म्हणून रश्श्यात मीठ आधी निम्मंच घाला आणि शेवटी चव बघून वाढवा.

रस्सा आधी पूर्ण तयार करायचा. वाटण परतून तेल सुटलं, पाणी घालून उकळी आली की मग बटाटे. काट्याने प्रत्येकाला ३-४ ठिकाणी टोचा, नाहीतर रस्सा तिखट आणि बटाटा अळणी असं होतं. मंद आचेवर १० मिनिटं पुरे. आच बंद करून अर्धा तास तसंच ठेवलं तर आणखी बरं. छोटे अख्खे बटाटे दम आलूला उत्तम: पुसून कोरडे करायचे, थोड्या तेलात सोनेरी परतायचे, मग ग्रेव्हीत. पुसण्यात आळस केला तर तेल जोरात उडतं.

नवा_तवा

टिनमधल्यांचा बटाटेवडा होईल का? उकडण्या-सोलण्याचा वेळच वाचेल.

चिंचगूळ

नाही. तिथे हात घालू नका. डब्यासाठी मुळात कमी पिठूळ, चिकट जातीचे बटाटे निवडतात, कारण पिठूळ बटाटा डब्यातच फुटून पाणी गढूळ करतो. शिवाय बऱ्याच टिनमध्ये कॅल्शियम क्लोराइड असतं. कॅल्शियम पेशींच्या भिंतींमधलं पेक्टिन घट्ट बांधतं, म्हणून फोड उकळूनही मोडत नाही. रश्श्याला हा गुण, कुस्करायला हाच अवगुण. कुस्करलंत तर गुठळ्या राहतात, मिक्सरला लावलंत तर खळ होते. पराठा, वडा, पॅटिस, कटलेट या सगळ्यांना हेच लागू.

लोखंडी_कढई

+१. वड्यासाठी घाई असेल तर बटाट्याचे फ्लेक्स बघा. शिजवलेला बटाटा तापलेल्या रोलरवर वाळवून केलेले पापुद्रे, अमेरिकेत इन्स्टंट मॅश म्हणून मिळतात. उकडलेल्या बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं, त्या हिशोबाने ३० ग्रॅम फ्लेक्स आणि १२० मिली गरम पाणी म्हणजे एक मोठा, १५० ग्रॅमचा उकडलेला बटाटा. वड्याला, साबुदाणा वड्याला पाणी १०० मिलीच घ्या. पाणी उकळतं नको, उकळत्या पाण्याने चिकट होतं. पाणी ओता, एकदाच हलवा, ५ मिनिटं झाकून ठेवा, घोटू नका.

नुसत्या फ्लेक्सचा वडा खाताना एकजीव, मऊ लागतो. वड्यात बटाट्याचे बारीक खडे लागायला हवेत, ते त्यात नाहीत. म्हणून मी फ्लेक्सकडे दुरुस्तीचं साहित्य म्हणून बघते. ताज्या बटाट्याचं सारण सैल झालं तर अर्ध्या किलोला २ टेबलस्पून कोरडे फ्लेक्स पाणी शोषून घेतात, आणि ब्रेडचा चुरा घातल्यावर येते तशी पावाची चव येत नाही. घेताना साधेच घ्या. लोणी-दूध-लसूण घातलेले प्रकार त्याच फळीवर असतात. बऱ्याच फ्लेक्समध्ये सल्फाइट असतं. दम्याचा त्रास असलेल्यांपैकी काहींना ते चालत नाही, लेबल वाचा.

डहाणू_लोकल

फ्राइजचं लिहितो. घरी मऊ पडतात ही तक्रार सगळ्यांची, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: तेलाच्या मानाने फ्राइज जास्त.

एक लिटर तेल असेल तर एका वेळी १०० ते १२५ ग्रॅम. तेल १७५ ते १८० अंश. उणे १८ चा माल पडला की तेलाचं तापमान झपाट्याने उतरतं. घाणा मोठा असेल तर ते वर यायला इतका वेळ लागतो की तोपर्यंत फ्राइज तेल पितात. वितळवून तर अजिबात तळू नका. वितळताना बर्फाचं पाणी पृष्ठभागावर येतं, कारखान्यात तयार झालेलं कोरडं कवच भिजतं, आणि एकमेकांना चिकटतात ते वेगळंच. पाकिटाच्या तळाशी बर्फाचा चुरा असतो तो तेलात जाऊ देऊ नका, उडतं ते त्यानेच. आधी थंड चाळणीत घेऊन झटका.

थर्मामीटर नसेल तर एक फ्राय सोडून बघा. लगेच जोरात बुडबुडे येऊन वर तरंगली तर तेल तयार. खाली बसून राहिली तर थांबा. ३ ते ४ मिनिटांत बुडबुडे मंदावतात, तेव्हा काढायच्या. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफ. ते कमी झाले याचा अर्थ कवच कोरडं झालं. मीठ काढल्यावर, कढईवर नव्हे. टिपायला कागदापेक्षा जाळी बरी, कागदावर ढीग केला की खालच्या स्वतःच्याच वाफेत मऊ होतात.

एअर फ्रायरला २०० अंश, १२ ते १५ मिनिटं, टोपली अर्ध्याहून जास्त भरायची नाही, मध्ये दोनदा हलवायची. ओव्हनला २२० अंश, २० ते २५ मिनिटं, एकाच थरात. वरून आणखी तेल लावायची गरज नाही, ते आधीच आहे. रंग सोनेरी झाला की थांबा. १२० अंशांच्या वर बटाट्यातली साखर आणि ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल मिळून ॲक्रिलामाइड हे घातक रसायन तयार होतं आणि तपकिरी रंगाबरोबर ते वाढत जातं.

नवा_तवा

मग घरी ताजे बटाटे कापून तळले तर ते आतून कच्चे आणि बाहेरून काळे का होतात? पाकिटातले होत नाहीत.

डहाणू_लोकल

बटाटा कुठल्या तापमानाला साठवला होता त्यावर आहे. खाण्याचा बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांना ठेवतात, म्हणजे कोंब येत नाहीत. पण त्या थंडीत स्टार्चची साखर होते. तोच तो गोडसर बटाटा, पावसाळ्यात आणि सणांच्या दिवसांत बाजारात सर्रास असतो. काचऱ्या करायला घेतल्या की शिजायच्या आत लाल होतात. प्रक्रियेचा बटाटा यापेक्षा उबदार जागी ठेवतात आणि जातीही निराळ्या. गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा भागात फ्राइजसाठी सांताना ही डच जात घेतात, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी फ्रायसोना काढली, वेफर्सना चिप्सोना. या जातींत पाणी कमी, साखर कमी. शिवाय ब्लांच करताना उरलीसुरली साखर धुऊन जाते आणि मग रंग सारखा यावा म्हणून मोजून डेक्स्ट्रोज (एक साधी साखर) लावतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: गणपती ते दसरा या काळात घरी फ्राइज करायच्या तर फ्रोझनच घ्या. नवा बटाटा आला की ताजे. गोड बटाटा सुधारायचा असेल तर दोन-तीन आठवडे १५ ते २० अंशांना, अंधारात, पसरून ठेवावा लागतो. साखर बरीचशी कमी होते, पण शहरातल्या स्वयंपाकघरात तेवढी थंड जागा मिळणं कठीण.

पाटावरवंटा

उपासाचं कुणीच लिहिलं नाही. फ्रोझन कीस बटाट्याच्या किसाला इतका चांगला लागतो की मी तो मुद्दाम सुचवते.

४०० ग्रॅम फ्रोझन हॅश ब्राउन कीस रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा. सकाळी स्वच्छ पंचात घेऊन घट्ट पिळा, बरंच पाणी निघेल. जाड तव्यावर २ टेबलस्पून तूप, चमचाभर जिरं, ३ मिरच्या. कीस पसरून ३ मिनिटं हात न लावता ठेवा, मग उलथा. असं ८ ते १० मिनिटं. मीठ, अर्धा चमचा साखर, ४ टेबलस्पून दाण्याचं कूट, लिंबू आच बंद केल्यावर. कच्च्या किसाला आपण झाकण ठेवून वाफ देतो, इथे ती अजिबात द्यायची नाही. याचा स्टार्च आधीच फुललेला आहे, वाफ मिळाली की गोळा होतो, मग कितीही परता मोकळा होत नाही.

आता लेबल. साध्या किसात बटाटा, डेक्स्ट्रोज आणि रंग टिकवणारं पायरोफॉस्फेट असतं. डेक्स्ट्रोज बहुधा मक्याचं. ते उपासाला चालतं की नाही हे घराघरावर आहे, पण ते आहे हे माहीत असावं. कुरकुरीत म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्राइजवर तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाचा पातळ लेप असतो, त्या उपासाला सरळ बाद. गहू न चालणाऱ्यांनीही हेच बघावं. टिनमधल्या बटाट्यात साधं मीठ आहेच, सैंधवच पाळणाऱ्यांना तो नाही चालणार.

रानमेवा

विकतचं झालं. घरी गोठवून ठेवण्याबद्दल: कच्चे बटाटे कापून फ्रीझरमध्ये टाकू नका. वितळल्यावर काळे पडतात आणि पिळलं तर पाणी गळतं. घरचा फ्रीझर हळू गोठवतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फुटतात. अँडीजमधले लोक हेच मुद्दाम करतात: रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. त्या वाळवलेल्या बटाट्याला चुन्यो म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याला भाजीत ते नको आहे.

फोडी ठेवायच्याच तर दीड सेंटिमीटरच्या करा, उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटं, लिटरला एक टेबलस्पून व्हिनेगर. आम्लाने कडा शाबूत राहतात आणि राखाडी छटा कमी येते. ती छटा बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल यांच्यामुळे येते, बटाटा खराब झाला म्हणून नाही. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पूर्ण कोरड्या. ताटलीत एका थरात २-३ तास गोठवा, कडक झाल्या की पिशवीत भरून हवा काढा. थेट पिशवीत भरल्या तर वीट होते. तीन महिन्यांत संपवा.

बटाटेवड्याचं सारणही गोठवता येतं, पराठ्याचं तर उत्तमच.

लोखंडी_कढई

वड्याच्या सारणाला माझा विरोध आहे. वितळल्यावर पाणी सुटतं, गोळा पिठात टाकला की लेप घसरतो.

रानमेवा

@लोखंडी_कढई, पाणी सुटतं हे खरं, पण त्यावर उपाय आहे. गार झालेला स्टार्च आवळतो आणि पाणी बाहेर टाकतो. तो पुन्हा ६० अंशांच्या वर तापवला की बरंचसं पाणी परत धरतो. म्हणून सारण रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचं, मग कढईत ५ मिनिटं परतून चांगलं गरम करायचं, पसरून गार करायचं आणि तेव्हाच गोळे वळायचे. गोठवण्याआधीही दोन गोष्टी: बटाटा गरम असतानाच कुस्करून कोरडा परतून घ्यायचा आणि किलोला ३ टेबलस्पून तेलाची फोडणी कंजूषी न करता द्यायची. कांदा आणि कोथिंबीर घालायची नाही. कांदा पाणी सोडतो, कोथिंबीर काळी पडते. ती गरम केल्यावर घाला. लसणाचा वास फ्रीझरमध्ये उतरतो, सारण महिन्याभरात वापरा.

गोठलेला गोळा तसाच पिठात बुडवून तळायचा मोह मात्र टाळा. बाहेरचं बेसन आधी कडक होतं, आतला बर्फ नंतर वाफ होतो, ती वाफ जागा शोधत लेप फोडते. वडा तेलात उघडतो आणि तेल आत शिरतं.

लोखंडी_कढई

पुन्हा तापवण्याचं पटलं. मोठ्या फोडी राखलेल्या सारणाला तरी हे जमणार नाही, त्या स्पंजासारख्या होतातच. बारीक कुस्करलेल्याला मान्य.

नवा_तवा

घरी काचेच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात बटाटे भरून प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या करून ठेवले तर? टिनसारखेच टिकतील ना?

चिंचगूळ

कृपया करू नका. बटाटा कमी आम्लाचा, त्याचा पीएच साडेपाच-सहाच्या आसपास. बंद बरणीत हवा नाही, ओलावा आहे, आम्ल नाही: बोटुलिनम या विषारी जंतूचे बीजाणू रुजायला हवं ते सगळं तिथे आहे, आणि ते बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या लँकेस्टरला चर्चच्या जेवणात घरी डबाबंद केलेल्या बटाट्यांच्या सॅलडमधून २९ जणांना बोटुलिझम (याच जंतूच्या विषाने होणारा आजार) झाला, एकाचा जीव गेला. त्या बरण्या नुसत्या उकळत्या पाण्यात प्रक्रिया केलेल्या होत्या.

अमेरिकेच्या कृषी खात्याची पद्धत बरण्यांसाठीच्या खास प्रेशर कॅनरची आहे: समुद्रसपाटीला १० ते ११ पौंड दाब, अर्ध्या लिटरच्या बरणीला ३५ मिनिटं, लिटरच्या बरणीला ४० मिनिटं. आपला कुकर लहान, पटकन तापतो, पटकन निवतो, आणि शिट्टी हे वेळेचं माप नाही. बरणीच्या मधोमध किती तापमान पोचलं हे त्यावरून कळत नाही.

याच कारणाने फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे ओट्यावर ठेवू नका. १९९४ मध्ये टेक्ससमधल्या एल पासोला अशाच बटाट्यांच्या डिपमधून ३० जण आजारी पडले होते. फॉइल काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. विकतचा डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला असेल तर चव घेऊन बघू नका, टाकून द्या.

पाटावरवंटा

लोडशेडिंगवाल्यांसाठी: दार न उघडता भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. पाकिटात बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. फ्राइज थोड्या मऊ होतील एवढंच. पूर्ण वितळून दोन तासांहून जास्त वेळ कोमट राहिलं असेल तर जाऊ द्या. आणि एका दाराच्या जुन्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर चांदण्या बघा: एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. पाकिटावरची तारीख उणे १८ साठी असते. एका चांदणीत पाकीट आठवड्याभरात संपवा.

नवा_तवा

टिन उघडल्यावर निम्मे बटाटे उरले तर?

चिंचगूळ

डब्यातच ठेवू नका, धातूची चव येते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, बटाटे बुडतील एवढं साधं पाणी घालून, झाकून फ्रीजमध्ये. ३ ते ४ दिवस. गोठवू मात्र नका, चोथा होईल. दुसऱ्या दिवशी चकत्या करून, पुसून, तव्यावर थोड्या तेलात तिखट-मीठ-रवा लावून भाजा. रवा बारीक घ्या, जाड रवा या ओलसर चकत्यांना धरत नाही.